कोणतं बोट, वहिनी?

भाऊजी,

बन्नूरच्या राइस मिलचा अख्खा प्रोग्रॅम मी एका सकाळी दोन मोठ्या अक्षरांत पुसून टाकला होता, आणि ते तुम्ही मरेपर्यंत कुणालाही सांगितलं नाहीत. सख्ख्या भावाला, दादांनाही नाही, बायकोला, शालूलाही नाही. तुमच्या या सभ्यपणाचा मला इतकी वर्षं रागच होता. मी तुमच्या इतक्या गोष्टी गावभर केल्या, आणि तुमच्याकडे माझी एवढी मोठी ठेव असून तुम्ही गप्प. तेव्हा आता मीच सांगते.

तुमची ती तेलाच्या दुकानावरची दोन खोल्यांची कचेरी. तुम्ही प्रोग्रॅम कागदावर पेन्सिलीने लिहायचात आणि मी टाइप करायची. विंडोज नुकतं आलं होतं. मी चाळिशी ओलांडलेली, पण मिजास विशीतली. टाइपिंग इन्स्टिट्यूटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की डोळे कागदावर, बोटं कळांवर, आणि समोर काय उमटतंय ते बघायचं नाही. वर बघते ती कच्ची. त्यामुळे कम्प्युटरसमोर बसूनही मी स्क्रीनकडे बघत नसे. मान डावीकडे वळवून, कागदावर नजर ठेवून, पाऊस पडल्यासारखी टाइप करायची. तुमच्याकडे येणारी माणसं दारात थांबून माझे हात बघत राहायची आणि मी ते मुळीच लक्षात न आल्यासारखं दाखवायची. आज ती बाई मला कुठे भेटली तर मी तिची मान धरून सरळ करीन.

टाइपरायटरवर डाव्या हाताला अगदी खालच्या कोपऱ्यात शिफ्टची कळ. इन्स्टिट्यूटने डाव्या अक्षरांना उजवी शिफ्ट शिकवलेली, पण माझी खोड अशी, की कोणतंही मोठं अक्षर हवं की डावीच करंगळी त्या कोपऱ्यात जाणार. कम्प्युटरवर मात्र तो कोपरा कंट्रोलने बळकावलेला, शिफ्ट एक घर वर. एरवी मी सांभाळून असायची, पण त्या दिवशी मिलचा माणूस फ्लॉपी न्यायला येऊन बसला होता, सुगी होती, भाताचे ट्रॅक्टर काट्यापाशी उभे होते आणि मला घाई झाली होती. 'अमाउंट' लिहायचं होतं. करंगळी जुन्या कोपऱ्यात गेली. कंट्रोल आणि ए म्हणजे सगळं निवडा. मशीनने सगळं निवडलं. पुढचं अक्षर पडलं तसं निवडलेलं सगळं गेलं आणि त्याच्या जागी 'माउंट' उरलं. मला काय पत्ता, मी कागदाकडे बघत होते. मग 'स्टॉक'. करंगळी परत तिथेच. कंट्रोल आणि एस म्हणजे जतन करा. मशीनने आज्ञाधारकपणे जतन केलं. मी राहिलेल्या चार ओळी टाइप केल्या, जतन केल्या, खिडकी बंद केली, हात झटकले आणि म्हणाले, "झालं भाऊजी, घ्या."

तुम्ही उघडलंत. वरच्या ओळीत 'माउंट टॉक' आणि खाली माझ्या चार ओळी. बाकी स्क्रीन पांढरीशुभ्र.

मी लगेच म्हणाले, "व्हायरस असेल." तुम्ही पान खाली-वर सरकवून बघितलंत. मी म्हणाले, "लाइट गेला होता मघाशी." गेला नव्हता. मग तुम्ही खुर्ची माझ्याजवळ ओढलीत, माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या हातांकडे बघितलंत आणि विचारलंत, "कोणतं बोट, वहिनी?"

मला तो टोमणा वाटला. दिराने भावजयीला मारलेला. मी म्हणाले, "कसलं बोट? मी काय बोटं मोजत टाइप करते?" तुम्ही म्हणालात, "नाही हो. मोठ्या ए-ला कोणतं बोट कुठे गेलं, एवढंच हवंय मला." आणि तुम्ही माळ्यावरून माझा जुना टाइपरायटर काढलात, धूळ पुसलीत, कीबोर्डच्या शेजारी ठेवलात आणि मला दोन्हीवर आळीपाळीने 'अमाउंट' लिहायला लावलंत. मिलचा माणूस तोंड उघडं टाकून बघत होता. मी रडायच्या बेतात होते, आणि तुमचा चेहरा मात्र नवं खेळणं मिळालेल्या पोरासारखा झाला होता. शेवटी अर्धं इथल्या कानडीत म्हणालात, "होगली बिडी, जाऊ दे ते. ही चूक तुमची नव्हे. त्या मशीनकडून ह्या मशीनकडे येताना वाटेत पडलेली आहे."

मग तुम्ही स्वतः, दोन बोटांनी, कागदावरून सगळा प्रोग्रॅम पुन्हा घातलात. मी शेजारी बसून वाचून दाखवत होते. माणूस संध्याकाळच्या बसने बन्नूरला गेला. जाताना त्याच्या खिशातून नमुन्याच्या भाताचे दाणे टेबलावर सांडले होते. दुसऱ्या दिवशी मी आले तर माझ्या कंट्रोलच्या कळेवर त्यातला एक दाणा फेविकॉलने चिकटवलेला. सालीसकट, खरखरीत. म्हणालात, "करंगळीला टोचलं की तिला कळेल, आपण परक्या घरात आलोय."

त्यानंतर मी जितके कीबोर्ड बदलले तितक्यांवर तुम्ही दाणा लावलात. कचेरी बंद झाली, तुम्ही वरच्या मजल्यावर राहायला आलात, आपण दोघं म्हातारे झालो, तरी. नवा कीबोर्ड आणला की मी जिन्यातून हाक मारायची, "भाऊजी, अक्षता टाकायला या."

लोकांना वाटायचं, रिटायर झालेल्या माणसाने देवळात जावं, नाही तर फिरायला जावं. तुम्ही लोकांच्या बोटांमागे लागलात. लग्नात गेलो तर तुम्ही वधूवरांना सोडून हॉलच्या ऑफिसातल्या पोरीच्या खुर्चीमागे उभे. शालू मला म्हणायची, "अक्का, ह्यांना जरा बोलवा हो, लोक काय म्हणतील." मी बोलवायला यायची तर तुम्ही मलाच हळूच सांगायचात, "बघा वहिनी, हिचा अंगठा बघा." आणि मग मीही बघत उभी राहायची. शालू दोघांना ओढून जेवायला न्यायची.

प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये तर अशा फटी पावलोपावली. दोन कळांच्या जोडीत एवढी ताकद की एक ओळ नव्हे, पानंच्या पानं इकडची तिकडे. नीरजाला, म्हणजे माझ्या नातीला, एक फाइल बंद करायची होती. ती जोडी डब्ल्यूची. बोट शेजारच्या क्यूवर पडलं आणि अख्खा एडिटर मिटला. ती बेंगळूरहून फोनवर रडकुंडीला आलेली, आणि तुम्ही आनंदात. "क्यू आणि डब्ल्यू शेजारी," तुम्ही म्हणालात. "दार लावायची कडी आणि घर पाडायचा खटका एकाच भिंतीवर, हाताच्या अंतरावर. कोणत्या शहाण्याने बांधलंय हे घर?" धाकट्या आजोबांवर चिडून नीरजा म्हणाली, "चिक्कज्जा, तुम्ही माझ्या बाजूचे की कीबोर्डच्या?" तुम्ही म्हणालात, "मी बोटाच्या बाजूचा."

आणि तुमची ती काळ्या खिडकीची फजिती. नुसत्या आज्ञा लिहून मशीन चालवायच्या त्या काळ्या खिडकीत तुम्ही काहीतरी चालवत होतात, मध्येच सवयीने कंट्रोल आणि एस दाबलंत आणि खिडकी गोठली. काही केल्या हलेना. तुम्ही वाट बघितलीत, कळा बडवल्यात, शेवटी मशीन बंद केलंत आणि सकाळभरचं काम गेलं. नंतर वाचून कळलं की त्या खिडकीत ती जोडी थांबा सांगते, आणि क्यूची जोडी चला सांगते. एक कळ दाबायची होती. मी जिन्यात उभी राहून विचारलं, "कोणतं बोट, भाऊजी?" तुम्ही तोंड फिरवलंत आणि दिवसभर खाली चहाला आला नाहीत. दादा म्हणाले, "कशाला छळतेस त्याला." मी म्हणाले, "ते विचारतात तेव्हा शास्त्र, मी विचारलं की छळ."

हे सगळं आठवताना मला हसू येतं, भाऊजी, आणि मग आपण ज्यावर शेवटपर्यंत भांडलो ते आठवतं.

तुमचं म्हणणं असं, की चुकून दाबलेली कळ आणि मुद्दाम दाबलेली कळ यांची चाल वेगळी असते. माणूस मुद्दाम जोडी दाबतो तेव्हा आधी हात क्षणभर थांबतो. टाइपिंग थांबतं, बोटं जागा शोधतात, मग दाबतात. चुकून पडते ती जोडी मात्र टाइपिंगच्या भरधाव ओघात पडते, आधी थांबणं नाही, नंतर थांबणं नाही. म्हणजे मशीनने नुसती चाल ऐकली तरी त्याला कळावं, ही बाई सगळं निवडायला निघालेली नाही, हिला मोठा ए हवाय. आणि कळलं, की मशीनने तिथेच हात धरावा. एडिटरला जोडायचा एक छोटा प्रोग्रॅम तुम्ही त्यासाठी लिहायला घेतलात.

मी म्हणायची, मशीनने अंदाज करू नये. नवरा अंदाज करतो तेवढा पुरे. त्याने हात धरला आणि मला खरंच सगळं पुसायचं असेल तर? किंवा दर वेळी "नक्की ना?" विचारत बसला तर मी न वाचताच हो म्हणणार. त्यापेक्षा बोटाने सांगितलं ते करावं, आणि आधीचं गुपचूप बाजूला ठेवावं.

हे मला सुचलं कावेरीकाठच्या तलकाडला, तुम्हाला आठवत असेल. आपण चौघं गेलो होतो, उन्हात वाळू तुडवत. वाळूतून उपसून काढलेल्या देवळाच्या पायऱ्या उतरताना तुम्ही म्हणालात, "केवढं गडप झालं होतं इथे." मी म्हणाले, "गडप कुठे? देऊळ जागच्या जागी. वर वाळू आली, एवढंच. पुसणं असं असावं, भाऊजी." तुम्ही पायरीवरच थांबलात. मागची माणसं ढकलायला लागली. तेव्हा म्हणालात, "आणि वाळू पडायच्या आधीच थांबवता आली तर?" मी म्हणाले, "कावेरीला विचारा." शालू म्हणाली, "तुम्ही दोघं दर्शन घेणार आहात की नाही?"

तुम्हाला प्रयोगाला चूक करणारा माणूस हवा होता. मग काय, घरात मी होतेच. तो प्रोग्रॅम खाली माझ्या कम्प्युटरवर घालून तुम्ही शेजारी बसायचात आणि म्हणायचात, "हं, आता चुका." मी टाइप करता करता कंट्रोल-ए दाबायची. तुमचा प्रोग्रॅम गप्प. पुन्हा दाबायची. गप्प. तुम्ही आकडे बघून डोकं हलवायचात, "वहिनी, तुम्ही मुद्दाम चुकताय. चुकायच्या आधी तुमचा हात थांबतो. हे त्याला बरोबर कळतंय." मी म्हणायची, "मग तुमचा प्रोग्रॅम हुशार आहे की बहिरा आहे, हे कसं कळणार?" तुम्ही म्हणायचात, "खरी चूक हवी. एकच."

खरी चूक माझ्याकडून होईना. कशी होणार? दाणा होता ना. करंगळी त्याला लागली की आपोआप वर सरकायची. तुम्ही म्हणालात, दाणा काढूया. मी म्हणाले, हात काढून देते, दाणा नाही. तुम्ही म्हणालात, आठवडाभर फक्त. मी म्हणाले, एक दिवसही नाही. तुम्ही म्हणालात, मग वर येऊन माझ्या लॅपटॉपवर टाइप करा, त्यावर दाणा नाही. मी म्हणाले, गुडघे दुखतात.

गुडघे दुखत नव्हते, भाऊजी. एवढ्या वर्षांनी पुन्हा कुणाच्या तरी देखत 'माउंट टॉक' करायचं माझ्या जिवावर आलं होतं. ती मिजासखोर टाइपिस्ट अजून मेलेली नाही. तुम्ही ओळखलं असणार. ओळखून गप्प राहणं ही तुमची जुनी खोड.

त्या दिवशी सकाळी तुम्ही टोपी घालून खाली उतरलात तेव्हा मी अंगणात होते. जिन्यातून वर बघून तुम्ही शालूला म्हणालात, "येतो. ते बंद करू नकोस." मला म्हणालात, "आज जमलंय असं वाटतंय, वहिनी. आल्यावर सांगतो." आणि पार्कच्या दुसऱ्याच वळणावर तुम्ही बाकावर बसलात ते बसलातच.

काय जमलं होतं, हे विचारायला मी थांबवलं असतं तर कॉफी झाली असती. मला भाजीवाल्याकडे बघायचं होतं.

दिवस झाले. माणसं आली, गेली. तुमच्या खोलीत लॅपटॉप तसाच चालू. शालूने तो बंद करू दिला नाही. टेबल रोज पुसते, पण लॅपटॉपच्या कडेकडेने. तुमचा पोरगा म्हणाला, "अम्मा, मी घेऊन जातो, सगळं काढून ऑफिसच्या मुलाला देतो वापरायला." ती म्हणाली, "नको. ते सांगून गेलेत." पोराने माझ्याकडे बघितलं. मला माहीत होतं तिच्या मनात काय आहे. चालू आहे म्हणजे माणूस बाहेर गेलाय. बंद झालं म्हणजे मग काही उरत नाही.

मी एकदा वर जाऊन लांबून बघितलं. एडिटर उघडा होता. एक टॅब, त्याला नाव नाही, शेजारी तो भरीव ठिपका. म्हणजे जतन न केलेलं. तुमचं जमलेलं काम त्यात होतं. मी नीरजाला फोन केला. ती म्हणाली, "अज्जी, टेन्शन बेडा, नको घेऊ. आजकाल एडिटर सगळं आपोआप ठेवतो, बंद केलं तरी परत येतं." मी म्हणाले, "बघ बाई, चिक्कज्जाचं मशीन आहे." तिने मला कुठे बघायचं ते सांगितलं. मी माउसने, एका बोटाने, श्वास धरून बघितलं. तुम्ही ते आपोआप ठेवणं बंद करून ठेवलेलं. का, तेही कळलं. तुमचा प्रोग्रॅम तपासायचा तर एडिटरची स्वतःची राखण मध्ये यायला नको. नीरजा म्हणाली, "मग अज्जी, लाइट जाऊ देऊ नको."

आणि दादांनी पेपरमधून मोठ्याने वाचलं: लाइनच्या कामासाठी उद्या आपल्या कुवेंपुनगरात दिवसभर वीज नाही. तुमच्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली. वरच्या खोलीला यूपीएसची लाइन ओढून घ्या, ओढून घ्या म्हणून मी किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते, ते आता उकरत नाही.

मी शालूला म्हणाले, "आज मला बसू दे तिथे. उद्या आपोआप बंद होईल, आणि त्यातलं सगळं जाईल." ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला येईल ना, अक्का?" मी म्हणाले, "मला नाही येणार तर कुणाला?" बघा भाऊजी, अजून तीच मिजास.

ठरवलं होतं, कळांना हात लावायचा नाही. तपासणीसाठी तुम्ही निम्म्या जोड्या बदलून ठेवलेल्या असणार, कोणती कळ काय करील सांगता येत नव्हतं. सगळं माउसने. फाइल, जतन करा, नाव द्या, संपलं. शालू मागे उभी. मी टॅब वाचला. तुमचाच प्रोग्रॅम, मध्ये मध्ये मराठीत टिपणं, शेवटची ओळ अर्धी. अर्ध्या ओळीत कर्सर उघडझाप करत होता. कागद असता तर पेन्सिल तिथेच पडलेली दिसली असती.

तिथे माझ्यातली टाइपिस्ट उठली. आमच्या जुन्या ऑफिसात साहेब मजकूर अर्धा सांगून निघून गेला, की टाइपिस्टने कागदाच्या डोक्यावर 'ॲज डिक्टेटेड' लिहून ठेवायचं. म्हणजे सांगितलं तेवढं हे आहे, यात माझं काही नाही. मला वाटलं, तुमच्या अर्ध्या कामाच्या डोक्यावर एवढं तरी असावं. पुढे कुणी हात लावला तर त्याला कळावं, तुमचं कुठवर होतं. माउसने वर गेले, हात कळांवर ठेवले. डोळे भरून आले होते, स्क्रीन दिसत नव्हती. नाही तरी मी स्क्रीनकडे कधी बघितलंय?

मोठा ए. करंगळी कोपऱ्यात गेली. टोचलं नाही.

टोचलं नाही हे कळेपर्यंत उरलेली अक्षरंही पडून गेली होती. डोळे पुसून बघते तर तुमचा टॅब पांढरा, डोक्यावर नुसतं 'ज डिक्टेटेड'.

शालू म्हणाली, "काय झालं?" केलेलं परत फिरवायची जोडी मला पाठ आहे, पण तुमच्या मशीनवर ती जोडी तुम्ही कशाला लावून ठेवली असेल, कोण जाणे. मेनूत जाऊन माउसनेही परत फिरवता आलं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं. त्या वेळी मी हात वर उचलून बसले होते, पोलिसांनी पकडल्यासारखी. शालू परत म्हणाली, "अक्का, त्यांचं कुठे गेलं?"

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट वर आली. तुमच्या प्रोग्रॅमची. तीत मराठीत लिहिलं होतं:

हे चुकून झालं असावं. आधीचं जपून ठेवलंय. कोणतं बोट?

ते माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं, हे मला कळतं. 'वहिनी' असं त्यात नव्हतं. ज्याच्या कुणाच्या हातून होईल त्याच्यासाठी होतं. तरी मी खुर्ची मागे सारून मागे बघितलं, हे शालूला विचारा.

मी चौकटीवर माउसने टिचकी मारली. तुमचं सगळं परत आलं, अर्धी ओळ, उघडझाप करणारा कर्सर, सगळं. आणि मग मला हळूहळू उमगत गेलं, की झालंय काय. मी मुद्दाम चुकायची तेव्हा तो गप्प बसायचा. आज बोलला. म्हणजे त्याला चाल कळली. तुमचं खरं होतं, भाऊजी, पडलेल्या कळेची चाल वेगळी असते, ती ओळखता येते. पण ओळखून त्याने हात धरला नाही. बोटाने सांगितलं ते केलं, वाळू पडू दिली, आणि देऊळ खाली तसंच ठेवलं. म्हणजे माझंही खरं होतं. तुम्ही माझं ऐकलं होतंत. कधी ऐकलंत? तलकाडच्या पायरीवर की त्या सकाळी? आणि खाली येऊन एकदा "वहिनी, तुमचंच बरोबर" म्हणायला काय झालं होतं? बहुधा तेच "आल्यावर सांगतो" होतं. मी तसं धरून चालते. तुम्ही नाही म्हणायला येणार नाही.

तुम्हाला एक खरी चूक हवी होती. दोन वर्षं माझ्याकडे मागत होतात. ती मी तुम्हाला दिली, पण तुम्ही बघायला नव्हतात. माझ्या मिजाशीपायी एवढा उशीर झाला. तुमच्या लॅपटॉपवर आधीच येऊन बसले असते तर त्या चौकटीला आपण दोघं मिळून हसलो असतो, आणि मग कोण बरोबर यावर आणखी आठवडाभर भांडलो असतो. ते भांडण माझं राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, उत्तराला उशीर झाला तरी: डाव्या हाताची करंगळी. तीच जुनी.

सगळं माउसने जतन केलं. नाव दिलं, पेन ड्राइव्हवर घेतलं, नीरजाला पाठवलं. तिचं उत्तर आलं की पोचलंय, उघडतंय, आणि खाली लिहिलं होतं की अर्धी ओळ ती पुरी करणार आहे. मी कळवलं, कर, पण आधी कंट्रोलवर दाणा लाव.

मग मी शालूला म्हणाले, "आता बंद केलं तर चालेल."

"सगळं आत आहे?"

"सगळं आहे."

"मग मी करते," ती म्हणाली. मी कळ दाखवली. तिने ती दाबली आणि दाबूनच धरली, मी सोड म्हणेपर्यंत. मशीनच्या आतल्या पंख्याचा आवाज थांबला, तेव्हा कळलं की इतके दिवस तो आवाज त्या खोलीत होता. मग तिने पदराने कीबोर्ड पुसला. कडेकडेने नव्हे, सगळा.

दुसऱ्या दिवशी वीज नव्हती. मी खिडकीपाशी बसून हे हातानेच लिहीत होते. शालू कॉफी घेऊन खाली आली, माझा पेला ठेवला आणि उभी राहिली. म्हणाली, "त्यांनाच लिहिताय ना?"

"हो."

"काय लिहिलंत?"

"कोणतं बोट, ते."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. माझी कॉफी संपेपर्यंत बसून राहिली. मग रिकामा पेला घेऊन उठली, दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "मग माझंही एक घाला त्यात, अक्का. म्हणावं, ते मी बंद केलंय. येतो म्हणाला होतात, तर घाई करू नका, सावकाश या."